चार मिनिटं पुढे

चारही स्क्रू एकदम सैल करायचे नसतात, ग्राझिना.
आधी हा, मग समोरच्या कोपऱ्यातला,
अर्धा अर्धा आटा.
एकेचाळीस वर्षांचं झाकण आहे,
रुसलं तर सुरीलाही दाद देत नाही.

हे बघा. सेल फुटून हिरवं आलंय.
वडील गेल्यावर कुणी आत पाहिलंच नाही ना?
असू दे. कुणीच पाहत नाही.
घड्याळ खणात टाकताना सेल काढून ठेवावा,
एवढं एकच या ग्रोद्ना शहराला
शिकवून मरावं म्हणतो मी.
अजून जमलेलं नाही.

स्पिरिटचा बोळा. मग शाळेतलं खोडरबर
पत्र्याच्या जिभेवरून, हलक्या हाताने.
आता जरा श्वास धरा:
ही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रबरी काडी,
हिच्यातूनच आकडे काचेवर चढतात.
केसभर सरकली
की आठाचा सहा होतो,
आणि भला माणूस दोन तास आधी
थंडीत जाऊन उभा राहतो.

तांदळाच्या दाण्याएवढ्या या नळीत स्फटिक.
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो.
निम्मं करा, पुन्हा निम्मं, पुन्हा,
पंधराव्या वाटणीला हातात येतो एक.
तो एक म्हणजे या दोन टिंबांची उघडझाप.
माझी बायको म्हणायची,
इतक्या वाटण्या होऊनही
काही हाती लागलेलं हे एवढंच घर.

नवा सेल. चिमटा प्लास्टिकचा घ्यायचा, लोखंडी नाही.
उमटलं!
एक जानेवारी, बारा वाजले.
दर वेळी इथूनच सुरू होतं,
सेल निघाला की याची पाटी कोरी.

डावं बटण दाबून धरा, आकडा लुकलुकेपर्यंत.
उजव्याने पुढे.
मागे जाता येत नाही, चुकलात तर अख्खा वळसा घालून या.
रेडिओवर सहा ठोके पडतील, सहाव्याला बोट उचला.

तुम्ही उचललं नाहीत.
म्हणालात, चार मिनिटं पुढे ठेवायचंय.

खत कारखान्याची बस. पुलाअलीकडचा थांबा,
खाली नेमान, वर अजून रात्रच.
ती चुकू नये म्हणून ताद्येउश
सव्वीस वर्षं रोज स्वतःला चार मिनिटं फसवत आले,
ठाऊक असूनही फसत आले,
आणि घरातलं सूप, शाळा, भांडणं,
सगळं त्याच चार मिनिटांवर चाललं.

हा पितळी स्क्रू पाहिलात?
याला नखभर फिरवून
महिन्याला पाच सेकंदांच्या आत आणतो मी कुठलंही घड्याळ.
त्यात जन्म गेला माझा, डोळे गेले.
आणि आज मी बरोबर चालणारं घड्याळ
मोजून मापून चुकवतोय.
स्फटिकात नव्हती ती मिनिटं. चिपमध्ये नव्हती.
तुम्ही बोलला नसता
तर मी खरी वेळ लावून दिली असती
आणि मला काही कळलंही नसतं.

बाकीचं ऐका.
उणे पंधराला बाहीच्या आत ठेवा.
आकडे गारठतात, जुना निघायच्या आत नवा येऊन बसतो,
तो बिघाड नव्हे.
दिव्याचं बटण येता-जाता दाबू नका.
उन्हात काच काळवंडते.
पाणी नकोच, खोक्यावर काहीही छापलेलं असो.
आणि याला वर्ष कळत नाही:
एकोणतीस फेब्रुवारीला हे खुशाल एक मार्च म्हणेल.
तेव्हा बसायचं निवांत, एकेक दिवस दाबत
महिना ओलांडून परत यायचं.

सेलचे तेवढे द्या.
तुमच्या हातावर सहा बावन्न,
माझ्या भिंतीवर अजून सहा अठ्ठेचाळीस.
जाताना दार जोरात ओढून घ्या,
कडी नीट लागत नाही त्याची.